दोनशे अकराची संगत

वहिनीचे प्रश्न नेहमी एका ओळीचे असतात आणि सोबत एक फोटो असतो. या वेळी फोटोत बाटलीची मागची बाजू होती, डोळे बारीक करून वाचावी लागणारी घटकांची यादी आणि त्यातल्या एका आकड्याभोवती लाल गोल : २११. खाली ओळ : "भाऊजी, हे पोराला द्यायचं की नाही? हो की नाही एवढंच सांगा, लेक्चर नको."

लेक्चर नको म्हटलं की माझी पंचाईत होते. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. शीतपेयं, सॉस, जॅम, खोकल्याची औषधं, जिथे आंबट ओलावा टिकवायचा असतो तिथे बहुतेक हाच सापडतो. त्याच्याविषयी नुसतं "हो" म्हणणं माझ्या जिवावर येतं, आणि नुसतं "नाही" म्हणणं त्याहून जास्त. हा पदार्थ शंभराहून अधिक वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. त्याच्यावरचे खटले मी हौसेने वाचत आलोय. दर वेळी पकडला जातो तो बेंझोएटच, पण जागेवर त्याच्यासोबत आणखी कुणीतरी असतंच, आणि त्या दुसऱ्याचं नाव मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझी त्याची ओळख कॉलेजच्या प्रयोगशाळेतली. पांढरी, दाणेदार पूड, वास जवळजवळ नाहीच, पाण्यात टाकली की क्षणात दिसेनाशी होते. खाण्याच्या दर्जाची बाटली मुद्दाम वेगळी ठेवलेली असायची, कारण सरांना आम्हाला ती चाखायला लावायची असे. जिभेच्या टोकावर कणभर. मला गोडसर लागली. शेजारचा म्हणाला, खारट. एक मुलगी तोंड वाकडं करून बेसिनकडे पळाली, तिला कडू लागली होती. आणि एकाला काहीच चव लागली नाही, त्याने आणखी चिमूट मागितली. सर नुसते हसत उभे. बेंझोएटची चव माणसागणिक बदलते, तो जन्मतःच येणारा फरक आहे, हे त्यांनी नंतर सांगितलं. तोवर आमची भांडणं जुंपली होती.

पण खरी गंमत पुढच्या प्रयोगात होती. दोन फ्लास्क. दोन्हींत तेच साखरेचं पाणी, तेवढंच यीस्ट, अगदी तेवढंच बेंझोएट. फरक इतकाच, की एकात सायट्रिक ॲसिड घालून सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका खाली तितकं आंबट) ३ पर्यंत खाली आणलेला आणि दुसरा ७ वर, म्हणजे ना आंबट ना अल्कलीयुक्त. एक-दोन दिवसांत दुसरा फ्लास्क गढूळ झाला, वर फेस, कापूस काढताच पावासारखा वास. आंबट फ्लास्क होता तसाच नितळ. म्हणजे त्या दुसऱ्या फ्लास्कमध्ये बेंझोएट असून नसल्यासारखा होता!

याचं कारण कळलं की हा पदार्थ बराचसा कळतो. बेंझोइक ॲसिड दोन रूपांत राहतं, अख्खं किंवा विद्युतभार घेतलेलं. ४.२ सामूला दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. ३ वर शंभरातले नव्वदच्या वर रेणू अख्खे, ७ वर हजारातले जेमतेम एक-दोन. पेशीच्या पापुद्र्यातून आत शिरता येतं ते अख्ख्या रूपालाच. आत शिरलं, की पेशीतल्या कमी आंबट वातावरणात ते फुटतं, भार घेऊन तिथेच अडकतं आणि पेशी आतून आंबट व्हायला लागते. मग गळक्या होडीतून पाणी उपसत बसलेल्या नावाड्यासारखी तिची अवस्था होते. सगळी शक्ती आम्ल बाहेर फेकण्यात जाते, वाढायला काही उरत नाही. नेहमीच्या मात्रेत बेंझोएट यीस्टला ठार मारत नाही, तिला कामात गुंतवून ठेवतो. त्यातही झायगोसॅकरोमायसिस बेली नावाचं एक यीस्ट इतकं चिवट, की ते हे उपसण्याचं काम करता करता खुशाल वाढतंही. त्यामुळे मुळातच यीस्टने भरलेल्या मालात कितीही बेंझोएट ओता, तो माल शुद्ध होत नाही. थोडे जंतू असतील तर ते थोडेच राहतील, एवढीच त्याची हमी.

ही हमी किती तोकडी आहे, यावरूनच पहिला मोठा खटला उभा राहिला. अमेरिकेच्या कृषी खात्यात हार्वे वायली नावाचे मुख्य रसायनतज्ज्ञ होते. १९०२ च्या अखेरीस त्यांनी बारा तरुण निवडले आणि खात्याच्या तळघरात त्यांच्यासाठी खाणावळ उघडली. जेवण फुकट आणि उत्तम, पण त्यात कधी बोरॅक्स, कधी सॅलिसिलिक ॲसिड, कधी फॉर्मल्डिहाइड, कधी बेंझोइक ॲसिड. जेवणाआधी वजन, नाडी, ताप. नंतर लघवी आणि शौच डब्यांत भरून प्रयोगशाळेकडे. वर्तमानपत्रांनी त्यांना "पॉयझन स्क्वॉड" म्हणायला सुरुवात केली. पोरं आजारी पडत, ओकत, आणि पुन्हा पानावर बसत. आज असा प्रयोग कुठल्याही नीतिसमितीकडून मंजूर होणार नाही, आणि तुलनेसाठी वेगळा गट नसल्यामुळे त्याचे निष्कर्षही लंगडेच होते. पण १९०६ चा अमेरिकेचा पहिला मोठा अन्नशुद्धता कायदा होण्यात या तळघराचा वाटा मोठा आहे.

वायलींनी बेंझोएटला विषारी ठरवलं. उत्पादक खवळले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये आयरा रेमसन या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचं मंडळ नेमलं. (रेमसन म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिन सापडलं ते. रूझवेल्ट स्वतः सॅकरिन खात आणि वायली सॅकरिनच्याही विरोधात होते. तेव्हा मंडळ कुणाच्या बाजूला झुकेल याविषयी वायलींच्या मनात संशय आला असेल तर नवल नाही.) मंडळानेही तरुणांवर प्रयोग केले. १९०९ मध्ये त्यांनी सांगितलं, की दिवसाला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी बेंझोएट अन्नातून घेतला तर अपाय दिसत नाही, आणि ४ ग्रॅमपर्यंत नेऊनही तब्येतीवर वाईट परिणाम आढळला नाही. वायली हरले, १९१२ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. अमेरिकेत आजही अन्नातली सर्वसाधारण मर्यादा ०.१ टक्का आहे.

विषाच्या मुद्द्यावर वायली चुकले असं माझं मत आहे. पण त्यांचा दुसरा मुद्दा मला आजही पटतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. त्या काळचं टोमॅटो केचप पुष्कळदा डबाबंद टोमॅटोच्या कारखान्यांत उरलेल्या साली, देठ आणि गाभ्यांपासून बने. हा ऐवज पिंपांत पडून आंबलेला असे. बेंझोएट नसता तर असली बाटली दुकानातच फसफसली असती. बेंझोएटमुळे घाण माल शेल्फवर उभा राहू शकत होता. वायलींचा राग होता त्या पिंपांवर, काढला तो बेंझोएटवर. वड्याचं तेल वांग्यावर.

हाइन्झ कंपनीने तेव्हा वायलींची बाजू घेतली आणि बेंझोएटशिवाय केचप करून दाखवलं. त्यासाठी लागले पक्के, ताजे टोमॅटो आणि स्वच्छ कारखाना. पण तेवढ्याने भागलं नाही. व्हिनेगर वाढवावं लागलं आणि ते झाकायला साखरही वाढवावी लागली. केचप म्हटल्यावर आज जगभरच्या जिभांना जी गोड-आंबट, दाट चव आठवते, ती बरीचशी बेंझोएट काढून टाकल्याचा परिणाम आहे. टिकवण्याचं काम कुणाला तरी करावंच लागतं. इथे ते साखरेने केलं आणि शंभर वर्षं तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

आता पोटात गेल्यावर काय होतं ते. या बाबतीत बेंझोएटइतकी जुनी आणि स्वच्छ नोंद फार थोड्या रसायनांची असेल. १८४१ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर यूर या वैद्याने नोंदवलं, की बेंझोइक ॲसिड पोटात घेतलेल्या माणसाच्या लघवीत हिप्युरिक ॲसिड सापडतं. त्याला त्यातून गाउटवर, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या दुखण्यावर, औषध हवं होतं, ते काही मिळालं नाही. पण पुढच्याच वर्षी जर्मनीत व्योलर या रसायनशास्त्रज्ञाकडच्या केलर नावाच्या शिष्याने बेंझोइक ॲसिड स्वतः घेऊन, स्वतःची लघवी तपासून हे पक्कं केलं. शरीर बाहेरून आलेला पदार्थ घेतं, त्याला स्वतःकडचं काहीतरी जोडतं आणि निराळा करून बाहेर टाकतं, याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा. जोडलं जातं ते ग्लायसीन, हे अगदी साधं अमिनो आम्ल. काम यकृतात चालतं आणि भरभर चालतं, बहुतेक बेंझोएट एका दिवसाच्या आत लघवीवाटे निघून जातो.

ग्लायसीन जाताना आपल्याबरोबर नायट्रोजन घेऊन जातं, आणि याचा डॉक्टरांनी फार हुशारीने उपयोग करून घेतलाय. काही बाळं जन्मतः असा दोष घेऊन येतात, की त्यांना प्रथिनांतल्या नायट्रोजनचा युरिया करता येत नाही. रक्तात अमोनिया साठतो आणि मेंदूला सूज येते. अशा बाळांना शिरेतून सोडियम बेंझोएट देतात, म्हणजे नायट्रोजनला बाहेर पडायला दुसरी वाट मिळते. सुरुवातीची मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला २५० मिलिग्रॅम. अन्नातली रोजची मान्य मर्यादा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या हिशेबाने किलोला ५ मिलिग्रॅम. ज्याच्या नावाने बाटली परत ठेवली जाते, तेच रसायन अतिदक्षता विभागात चाळीस-पन्नास पट मात्रेत जीव वाचवायला वापरतात. अर्थात तिथे उशाशी डॉक्टर असतो आणि तासातासाला रक्त तपासलं जातं. हे वाचून कुणी निर्धास्त व्हावं असं मी म्हणत नाही.

कारण याच गोष्टीची दुसरी बाजू भयंकर आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या दिवसांची काही नवजात बाळं दगावली. धाप लागायची, रक्त आम्लधर्मी व्हायचं, झटके यायचे. शोध घेतल्यावर कळलं, की त्यांच्या शिरांतल्या नळ्या धुवायला वापरलेल्या सलाइनमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून बेंझिल अल्कोहोल घातलेलं होतं. शरीर त्याचं बेंझोइक ॲसिड करतं. पूर्ण वाढलेलं यकृत ते ग्लायसीन लावून सहज निपटतं. या बाळांची यकृतं अजून त्या कामाला तयार नव्हती. हजार-बाराशे ग्रॅमची बाळं आणि दिवसातून कितीदा तरी धुतलेल्या नळ्या. मोठ्यांच्या दृष्टीने क्षुल्लक असलेली मात्रा तिथे साठत गेली. तेव्हापासून नवजातांसाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन वापरायचं हा दंडक झाला. (जाता जाता : मांजरांनाही बेंझोइक ॲसिड नीट निपटता येत नाही. माणसाला चालतं म्हणून त्यांना चालेल असं धरू नये.)

मग पोराचं काय? वहिनीला हिशेब करून पाठवला तो असा. उंदरांच्या चार पिढ्यांवर झालेल्या जुन्या अभ्यासात किलोला रोज ५०० मिलिग्रॅम देऊनही अपाय दिसला नाही. त्याला १०० ने भागलं, दहा पट उंदीर आणि माणसातल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसातल्या फरकासाठी. आले ५. वीस किलोच्या मुलाला दिवसाला १०० मिलिग्रॅम. युरोपात अशा पेयांत लिटरमागे १५० पर्यंत परवानगी आहे, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमधून पन्नासेक मिलिग्रॅम. दोन कॅन झाले की मर्यादा संपली. आणि असलं पेय रोज, तेही एकाच ठरावीक चवीचं पिणारी लहान मुलं ही मर्यादा ओलांडू शकतात, हे युरोपीय प्राधिकरणाने २०१६ च्या फेरतपासणीत स्पष्ट म्हटलंय.

त्यानंतर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने हीच मर्यादा ५ वरून २० केली. नव्या अभ्यासात उंदरांना किलोला १००० मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नव्हता, आणि बेंझोएट शरीरात कसा फिरतो याची माहिती आता चांगली असल्यामुळे १०० ऐवजी ५० ने भागणं त्यांना पुरेसं वाटलं. या हिशेबाने त्याच पोराला आठ कॅन चालतील! वहिनीचं उत्तर लगेच आलं : "आठ कॅन प्यायला तो काय उंट आहे?" आणि तिचं बरोबरच होतं. त्या गोड पेयाच्या एका कॅनमध्ये पस्तीसेक ग्रॅम साखर असते. आठ कॅनचा बेंझोएट बसेल मर्यादेत, पण तोवर पाव किलोच्या वर साखर पोटात गेलेली असेल. दोन समित्या ५ आणि २० वर वाद घालत असताना बाटलीतला सगळ्यात ढळढळीत घटक यादीत पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर बसलेला असतो. त्याला कुणी लाल गोल करत नाही.

सगळ्यात गाजलेला आरोप बेंझिनचा. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, यात वाद नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या शीतपेय उत्पादकांच्या आणि तिथल्या अन्न-औषध प्रशासनाच्या लक्षात आलं, की काही पेयांत बेंझिन अत्यल्प प्रमाणात तयार होतंय. कारण असं, की त्यांत बेंझोएटच्या शेजारी व्हिटॅमिन सी असतं. पाण्यातल्या लोह-तांब्याच्या कणभर अंशांच्या आणि ऑक्सिजनच्या साथीने व्हिटॅमिन सी अतिशय आक्रमक रॅडिकल (दिसेल त्याच्याशी प्रक्रिया करणारा अस्थिर तुकडा) तयार करतं, ते बेंझोएटवर तुटून पडतं, बेंझोएटमधून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि मागे उरतं बेंझिन. उष्णता आणि ऊन मिळालं की वेग वाढतो. उत्पादकांनी गुपचूप पाककृती बदलायचं ठरलं, लोकांना काही सांगितलं गेलं नाही. १५ वर्षांनी नव्या पेयांत तेच पुन्हा सापडलं तेव्हा बोभाटा झाला. प्रशासनाने २००५ ते २००७ मध्ये दोनशेच्या आसपास पेयं तपासली, दहांमध्ये बेंझिन पिण्याच्या पाण्याच्या अमेरिकी मर्यादेच्या, म्हणजे अब्जात ५ भागांच्या, वर निघालं. त्यांची पाककृती बदलल्यावर ते खाली आलं.

प्रमाणाच्या दृष्टीने पाहिलं तर एका सिगारेटच्या धुरात याहून कितीतरी जास्त बेंझिन असतं. मला संताप येतो तो प्रमाणाचा नाही, त्या १५ वर्षांच्या गप्प बसण्याचा. तेव्हा सरळ सांगितलं असतं, की या दोघांना एका बाटलीत ठेवू नका, ठेवलंच तर धातू बांधून टाकणारा घटक घाला आणि माल उन्हात ठेवू नका, तर विषय तिथेच मिटला असता. वरून विनोद असा, की यातलं व्हिटॅमिन सी बहुधा पेय पौष्टिक दिसावं म्हणून घातलेलं असे, आणि बाटलीच्या दर्शनी बाजूला त्याचंच नाव मोठ्या अक्षरांत.

२००७ चा साउथॅम्प्टनचा अभ्यासही याच चालीचा. 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या प्रयोगात तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कृत्रिम रंग आणि बेंझोएट यांचं मिश्रण दिलं आणि त्यांची चंचलता सरासरीने थोडी वाढलेली दिसली. मिश्रण! कुणाचा हात किती, हे त्या रचनेतून वेगळं काढता येत नाही. युरोपने २०१० पासून त्यातले सहा रंग असलेल्या खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर मुलांविषयीचा इशारा छापायला लावला, बेंझोएटला वगळलं. या एका खटल्यात शिक्षा सोबत्याला झाली. अंगावर पित्त उठणाऱ्या किंवा दमा असणाऱ्या काही जणांना मात्र एकटा बेंझोएटही सोसत नाही, आणि अशांनी यादी वाचून बाटली टाळावी, यात दुमत नाही.

आणि ज्यांना तो नकोच आहे त्यांनी क्रॅनबेरीही टाळायला हवी, तिच्यात किलोमागे शेकडो मिलिग्रॅम बेंझोइक ॲसिड निसर्गतःच असतं. दह्यातही ते थोडं असतं, विरजणातले जंतूच दुधातल्या हिप्युरिक ॲसिडपासून ते बनवतात.

हल्ली "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" असं ठळक छापलेल्या बाटल्या पुष्कळ दिसतात. चांगलं आहे, पण मग टिकवण्याचं काम कोण करतंय ते बघावं. बहुतेकदा उष्णता करते आणि ती चोख करते. कधी साखर, कधी जास्तीचं आम्ल, कधी फक्त फ्रिज. कधी कुणीच नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत ताज्या, न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७ हा जंतू पसरला, साठाहून जास्त लोक आजारी पडले आणि एक चिमुकली मुलगी गेली. त्या रसात २११ असता तरी भागलं असतं असं नाही, या जंतूला तापवण्यासारखी मारक प्रक्रियाच लागते. पण गिऱ्हाइकांनी तो रस घेतला होता त्यात काहीही केलेलं नाही म्हणूनच. दोन वर्षांनी तिथल्या प्रशासनाने नियम काढला, की जंतू मारण्याची प्रक्रिया न केलेल्या पॅकबंद रसावर, मुलांना, वृद्धांना आणि अशक्त माणसांना यामुळे गंभीर आजार होऊ शकतो, असं स्पष्ट छापलं पाहिजे. नुसत्या बेंझोएटसाठी बाटलीवर असा इशारा तिथे लागत नाही.